जरा नंबर धराल?

१

रांगेकडे नुसतं बघून ती किती वेळाची आहे हे मला सांगता येतं. ही विद्या मी बंगळूरला येऊन शिकले. पुण्यात होते तोवर रांगेचं शास्त्र एवढंच ठाऊक होतं, की मध्ये कोण घुसतंय यावर डोळा ठेवायचा आणि घुसलाच तर त्याची चारचौघांत शोभा करायची.

होसकोटेच्या पुढे निलगिरीच्या झाडांमध्ये ‘रंगलोक’ नावाचं करमणुकीचं पार्क होतं. तिथे मी रांगांवर देखरेख करायचे. आकाशपाळणा, ड्रॅगन, गुहेतली होडी या सगळ्यांपुढून फेऱ्या मारायच्या आणि रेलिंगला अडकवलेल्या पाट्या बदलायच्या: ‘इथून पुढे अर्धा तास’, ‘इथून पुढे पाऊण तास’. कुठे फार तुंबलं तर वॉकीटॉकीवरून गेटला कळवायचं. पाटीवर वेळ नेहमी थोडा वाढवूनच लिहायचा. पाऊण तास सांगून अर्ध्या तासात नंबर लागला की माणसं खूश होतात. उलटं झालं की पाटी लिहिणारीच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

नोकरी धरली ती रिकामं घर खायला उठायचं म्हणून. साल नव्व्याण्णव होतं. दोन हजार साल लागलं की जुनी कॉम्प्युटरं गोंधळ घालणार म्हणून कंपन्या विमानं भरभरून पोरं अमेरिकेला पाठवत होत्या. त्यात माझा नवरा निहारही गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जे. पी. नगरच्या त्या फ्लॅटमध्ये मी, फ्रीज आणि टेलिफोन असे तिघं राहत होतो. घरमालकीण श्यामलाम्मा जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “ऊटा आयता?” जेवण झालं का. मी म्हणायचे, “आयतु.” झालं. तिथे माझं कन्नड संपायचं आणि आमचं बोलणंही.

रविवारी पहाटे निहारचा फोन यायचा. “दिवाळीला येतोच,” म्हणायचा. त्या ‘येतोच’वर मी आठवडा काढत होते, हे सरळ सांगते. बाकी मला कशाचं काही नव्हतं. तो यावा आणि कुणीतरी माझ्याकडे बघून ‘मुग्धा’ म्हणावं, एवढंच हवं होतं.

२

गुहेतल्या होडीवर देवाप्पा होता. चिकोडीकडचा, म्हणजे मराठी येणारा. एका होडीत आठ माणसं बसायची. देवाप्पा बोटाने डोकी मोजायचा, आठ झाली की साखळी टाकायचा, होडी काळोखात शिरायची. दुपारचा डबा आम्ही बरोबर खायचो. दिवसभरातलं माझं मराठी तेवढ्यात उरकायचं.

दसऱ्याच्या सुट्टीतला तो रविवार होता. होडीची रांग रेलिंगच्या सगळ्या वळणांतून भरून बाहेर आली होती. मी वरच्या लाकडी पुलावरून तिचा अंदाज घेत होते. तेव्हा मला ती मोकळी जागा दिसली.

चौकड्याच्या शर्टातला एक जाडा माणूस आणि त्याच्या मागची कॉलेजातली मुलगी, यांच्यामध्ये एका माणसाएवढी जागा होती. बाकी रांगेत मुंगीला वाट नव्हती. मुलीला सरकायचं भान नसेल असं मला वाटलं. पण रांग पुढे सरकली की ती जागाही सरकायची. वळणावर वळायची. जाडा माणूस थांबला की त्याच्या मागे तेवढंच अंतर ठेवून थांबायची.

मी खाली उतरले आणि मुलीला म्हटलं, “आगे बढिये ना. इतनी जगह क्यूँ छोडी है?”

ती गोंधळली. “जगह कहाँ है, मॅडम? ये आंटी खडी हैं ना.”

तिने समोर हात केला. समोर चौकड्यांचा शर्ट होता, आणि अलीकडे ऊन.

मी रेलिंगला टेकून बघत राहिले. ती जागा साखळीपाशी पोचली. देवाप्पाचं बोट जाड्या माणसावर थांबलं, तिथून उचललं गेलं आणि थेट मुलीवर आलं. डबकं चुकवून पाय टाकावा तसं. होडी गेली. थोड्या वेळाने रांगेच्या शेपटाला नवी माणसं आली, आणि त्यांनीही पुढच्या माणसामागे एकाची जागा सोडली.

होडीतून उतरलेल्या त्या मुलीला मी बाहेर गाठलं आणि त्या आंटी कुठे गेल्या असं विचारलं.

“कौनसी आंटी?” ती म्हणाली. तिला खरंच काही आठवत नव्हतं.

३

मी काही भुताखेतं मानणारी नाही. आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो तेवढाच होता. मग झोपेवर ढकललं. मग एकटेपणावर, कारण एकट्या बाईला काय वाटेल ते वाटतं असं सगळेच म्हणतात. यातलं काहीही असतं तर बरं झालं असतं, पण ती जागा मला रोज दिसायची. आणि फक्त त्याच एका रांगेत.

देवाप्पाला विचारलं तर तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, “म्याडम, मी डोकी मोजतो. जितं डोकंच न्हाई तितं कशाला बगू?”

“पण माणसं जागा सोडतात रे.”

“सोडू द्या की. रांगत भांडनं न्हाईत न्हवं? मग जेवा बगू आदी.”

निहारला फोनवर सांगितलं. तो हसायला लागला. “तू रांगांची स्वप्नं बघायला लागलीस, मुग्धा. मी आलो की मला मागच्या दाराने सोड बाई होडीत.”

“मुळीच नाही. सगळ्यांच्या मागे उभा राहशील.”

“राहीन. तुझासुद्धा नंबर धरीन. सवय आहे मला.”

ते खरंच होतं. आमचं जमलं तेच मुळी रांगेत. पुणे स्टेशनवर रिझर्वेशनच्या खिडकीसमोर मी मागच्या अनोळखी मुलाला “जरा नंबर धराल? चहा घेऊन आलेच,” म्हणून गेले. परत आले तर तो माझ्या जागेसाठी एका पैलवान गृहस्थाशी भांडत होता. घामाघूम झाला होता, पण जागा सोडली नव्हती. आई म्हणाली होती, नंबर धरणारा नवरा मिळायला भाग्य लागतं.

४

ढगाळ असा एक बुधवार होता. पार्कात चिटपाखरू नव्हतं म्हटलं तरी चालेल. होडीच्या रांगेत सहासात माणसं होती, आणि पहिल्या कुटुंबामागे ती जागा होती. मला वाटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा. मी शिट्टी गळ्यात, पाटी काखेत अशी रेलिंगच्या आत शिरले आणि त्या जागेच्या मागे जाऊन उभी राहिले.

“अगं बाई!” माझ्या तोंडून निघालं.

कारण ती समोर उभी होती. पाठमोरी. नायलॉनची फिकी साडी, लहानसा अंबाडा, खांद्याला वायरची विणलेली पिशवी. रॉकेलच्या रांगांच्या दिवसांत आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांकडे असायची तसली. घाबरण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं. उलट मला हायसं वाटलं, की चला, बाई आहे. डोळे शाबूत आहेत माझे.

“मराठी का हो?” ती अर्धवट वळली. आवाज फार दिवस न वापरलेल्या नळासारखा थांबत थांबत येत होता. “अगं बाई म्हणालात म्हणून विचारलं. किती दिवसांनी कानावर पडलं.”

“हो, पुण्याची मी,” मी म्हटलं. “तुम्ही?”

त्याचं उत्तर तिने दिलं नाही. “पाय भरून आलेत हो,” ती म्हणाली. “इथे कुणाला आपलं बोलणं कळत नाही. जरा नंबर धराल? पाणी पिते नि आलेच.”

आता या प्रश्नाला आपल्याकडे नाही म्हणतात का? हॉस्पिटलात, पोस्टात, देवळात, आपण विचार न करता हो म्हणतो, आणि ती बाई येईपर्यंत जागा जिवापाड जपतो. शिवाय कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी घरातल्यासारखं बोललं होतं.

“या ना, सावकाश या,” मी म्हटलं. “आहे मी इथे.”

तिने पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि रेलिंगखालून वाकून बाहेर गेली. पाणी प्यायला मात्र गेली नाही. नळ डाव्या हाताला होता, ती उजवीकडे फाटकाच्या वाटेला लागली. तिथला रखवालदार सहज म्हणाला, “नमस्कार, अम्मा.” ती थबकली. त्याच्याकडे बघत राहिली, आणि तोंडावर पदर धरून भर रस्त्यात रडायला लागली.

बिचारीला काहीतरी दुःख असेल, असं मला वाटलं.

५

रांग सरकली. मी साखळीपाशी आले. देवाप्पाचं बोट माझ्या पुढच्या मुलावर थांबलं, मग माझ्या कपाळावरून गेलं आणि मागच्या गृहस्थांवर जाऊन थांबलं.

“देवाप्पा, थट्टा पुरे,” मी हसून म्हटलं.

त्याने वर पाहिलंच नाही. साखळी माझ्या पोटाशी येऊन पडली, लोखंड गार होतं. मागची माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली. थोड्या वेळाने नवी माणसं आली, तेव्हा कशी कोण जाणे मी त्यांच्याही मागे शेवटी उभी होते, आणि माझ्यापुढे पुन्हा पाठी होत्या.

मी बाहेर आले. वॉकीटॉकीवर हाक मारली, पलीकडे नुसती खरखर आली. देवाप्पाच्या तोंडासमोर हात हलवला, तर त्याने माशी आली असावी तशी मान बाजूला केली. संध्याकाळी स्टाफच्या गाडीत मी दुसऱ्या एका मुलीच्या मागोमाग घाईने चढले म्हणून चढता आलं. गाडी खचाखच भरली, माणसं उभी राहिली, पण माझ्या शेजारच्या जागेवर कुणी बसलं नाही.

जिन्यात श्यामलाम्मा भेटल्या. मी वाट बघितली. त्या तुळशीला पाणी घालून आत निघाल्या.

“आयतु,” मी आपणहून म्हणाले. “श्यामलाम्मा, ऊटा आयतु.”

त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी पहाटे फोन वाजला. मी झडप घातली.

“हॅलो? मुग्धा?” निहार म्हणाला. “हॅलो? उचललास ना?”

“निहार, मी आहे, मी इथेच आहे रे!” मी किंचाळत होते.

“हॅलो? मुग्धा, रागावली आहेस का? काहीतरी बोल ना. श्वाससुद्धा ऐकू येत नाहीये तुझा.”

मी बोलत होते. फोन बंद झाला तरी बोलत होते.

६

मग मी पुन्हा पार्कात गेले. दुसरं कुठे जाणार? खांद्यावरची ती पिशवी काही केल्या कुठे ठेववत नव्हती. ठेवली की हात आपोआप तिच्याकडे जायचा, कारण मी ‘आहे मी इथे’ म्हटलं होतं. रेलिंगच्या आत शिरले आणि होडीच्या रांगेत उभी राहिले. मागून एका बाईने दंडाला हात लावला.

“अक्का, स्वल्प मुंदे होगि.”

जरा पुढे व्हा, एवढंच ती म्हणाली. मला रडू फुटलं. तिने मला पाहिलं होतं. हात लावला होता. त्या बाईला कळेना आपण काय वाईट बोललो. ती ओशाळून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर तिचा नंबर लागला, आणि होडीतून उतरून ती माझ्यासमोरून निघून गेली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

तेव्हा कळलं. रांगेत होते तेवढाच वेळ, आणि रांगेतल्या माणसांनाच मी दिसत होते. म्हणून रोज जायला लागले. दिवसभर उभी राहायचे. कुणी म्हणायचं, किती गर्दी ना. कुणी विचारायचं, पुढे पाऊण तास लिहिलंय ते खरं का. मी म्हणायचे, नाही हो, अर्धाच लागेल. पाट्या आता दुसरी कुणी मुलगी बदलत होती, आणि चुकीच्या लावत होती.

एकदा पिशवीत हात घातला. आत एक मळका हातरुमाल होता. चष्म्याचं रिकामं घर. एका पायाची चप्पल. अगदी तळाशी नदीतला असावा तसा गुळगुळीत दगड. आपली जागा म्हणून माणसं रांगेत काय काय ठेवून जातात, ते सगळं. मी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्यात ठेवली. का ठेवली, सांगता येणार नाही.

‘जरा नंबर धराल?’ असं कुणाला विचारावंसं वाटलं नाही असं नाही. एकदा नागपूरचं एक कुटुंब आलं. त्यातली हातावर मेंदी असलेली नवी सून माझ्याशी गोड बोलत होती. “ताई, दमलेल्या दिसता,” म्हणाली. प्रश्न जिभेवर आला होता. पण तिचा नवरा आइस्क्रीम वितळायच्या आत आणून देत होता, धावत. “काही नाही गं,” मी म्हटलं, “तू खा.”

निहार येईल, मला शोधेल, एवढ्यावर मी उभी होते. तो आला की बघू, असं वाटायचं. पुढे काय बघू, ते ठरवलं नव्हतं.

७

दिवाळी अगदी तोंडावर आली होती. भरदुपारी साखळीपाशी मला निहार दिसला. अंगात मीच निवडून दिलेलं जाकीट, बंगळूरच्या उन्हात. बारीक झाला होता. हातात माझा फोटो होता, तो देवाप्पाला दाखवत होता. देवाप्पा मान हलवत म्हणाला, ते मला रांगेतून ऐकू आलं, “लई दिस झालं बगा, आल्याच न्हाईत त्या. कळवलं बी न्हाई.”

“निहार!” मी ओरडले. तो माझ्या दिशेने बघून पलीकडे बघायला लागला.

मग तो रांगेत शिरला. साखळीपासून सुरू करून एकेकाला फोटो दाखवत मागे येऊ लागला. सॉरी हां, इनको देखा क्या? माणसं नाही म्हणत होती. एक म्हणाला, ऐसी एक दीदी पीछे खडी है शायद. निहार वळणं घेत घेत शेपटापर्यंत आला. शेवटी मी होते.

त्याने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“मुग्धा,” तो म्हणाला.

आयुष्यात मला इतकं सुख कधी झालं नव्हतं. मी त्याच्या जाकिटात तोंड खुपसलं. त्याला तोच साबणाचा वास होता.

“अगं, किती वाळलीस! एक पत्र नाही. फोन उचलतेस नि बोलत नाहीस. घराला कुलूप. मला वाटलं, सोडून गेलीस मला. इथे काय करत होतीस?”

“उभी होते.”

“पाय बघ कसे लटपटतायत तुझे. जा, त्या बाकावर बस जरा, पाणी पी. मी नंबर धरतो.”

“नको!” मी त्याचे दोन्ही हात पकडले. “निहार, नको, हे म्हणू नकोस. तू आधी बाहेर हो. ऐक माझं, तू काही धरू नकोस—”

“बरं बाई, आल्या आल्या भांडू नकोस.” तो हसला. पुणे स्टेशनवरचं तेच हसणं, घामाघूम आणि खूश. “चहा पिऊन ये नि मग भांड. तुझी जागा कुठे जात नाही, आहे मी इथे.”

बोलता बोलता त्याने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली, फोटो माझ्या हातात दिला आणि मला हलकेच ढकलून रेलिंगखालून बाहेर काढलं.

बाहेर ऊन होतं. पाठीवर काहीच वजन नव्हतं.

“आगं बया! म्याडम!” देवाप्पा स्टुलावरून उठून, साखळी ओलांडून पळत येत होता. “कुठं होता वो इतकं दिस? मुग्धा म्याडम, अवो किती काळजी लावलीसा!”

किती दिवसांनी रांगेबाहेरच्या कुणीतरी मला नावाने हाक मारली होती. मला आनंद झाला. त्या क्षणी, आधी, आनंदच झाला. मी तोंडावर ओढणी धरली आणि रडायला लागले.

“रडू नगासा,” देवाप्पा म्हणाला. “तुमचं मालक आल्यात की अमेरिकेस्नं. तुमास्नीच हुडकत हुतं, आत्ता माज्यासंगट बोललं.” तो वळला आणि सबंध रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. “आता आनी हे कुठं गेलं?”

मी ओढणी बाजूला केली. रांग सरकत होती. शेवटच्या म्हाताऱ्याच्या मागे नुकतंच एक कुटुंब येऊन उभं राहिलं होतं, आणि त्यांनी मध्ये एका माणसाची जागा सोडली होती.